तिसरं बटण कोणी दाबायचं

संतराम आबांची नक्कल अवघड आहे, कारण त्यात बोलणं कमी आणि थांबणं जास्त. नुसता आवाज काढणं सोपं: घशात थोडी खरखर आणायची, "न्हाई"तला "न्हा" लांबवायचा, झालं. पण तेवढ्यावर गावात कोणी हसत नाही. "हे काय आबा न्हाईत," म्हणतात. आबा कुठल्याही प्रश्नाला आधी शेळ्यांकडं बघतात, मग स्वतःच्या हाताकडं, मग विचारणाऱ्याकडं, आणि एवढं सगळं आटोपल्यावर म्हणतात, "बरं. पुन्हा सांग." तो थांबा मला जमला त्या दिवशी आबांच्या ओट्यावरचे लोक पोट धरून हसले. आबांची बायको शकुबाईकाकू आत भाकरी थापत होती. तिनं आतूनच विचारलं, "च्या ठिवू व्हय?"

हे "पुन्हा सांग" आबांच्या तोंडी असं बसलंय त्याला कारण आहे. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावहून जीप आमच्या फाट्यावर सोडते, तिथून वर चढलं की खंडोबाचं लहानसं देऊळ लागतं. त्या देवळातलं भंडाऱ्याचं पितळी ताट आबांच्या आज्यापासून त्यांच्या घरात होतं. आबांच्या मेंढ्या आहेत, शेळ्या आहेत, थोडं रान आहे आणि रानात एक पट्टा हळदीचा. ताटातला भंडारा त्याच हळदीचा. शिजवायची, वाळवायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची, सगळं घरी. विकतची पुडी आबांना चालायची नाही. "पुडीत काय काय घालतेत ते देवाला म्हाईत. आन्‌ देवाला म्हाईत असलेला माल देवालाच कसा वाहावा?"

बांध कोणी कोरला, विहिरीवरची पाळी कोणाची, हरवलेलं करडू कोणाच्या गोठ्यात शिरलं, असल्या भांडणांत लोक पोलिसांच्या आधी ताटाकडं यायचे. दोघांनी समोर बसायचं. एकानं आपलं सांगायचं. आबा म्हणणार, "बरं. पुन्हा सांग." तो पुन्हा सांगणार. परत, "पुन्हा सांग." खरं बोलणारा तिसऱ्या वेळी वैतागतो, आणि खोटं बोलणारा तिसऱ्या वेळी जास्त गोड होतो. मग आबा ताट पुढं सरकवायचे: "आता चिमूट उचल आन्‌ हेच बोल." निम्मे लोक तिथंच उठून म्हणायचे, "राहू द्या आबा, घ्या म्हणावं त्याला हातभर जमीन." भंडारा उचलून खोटं बोललेला माणूस आमच्या गावात मी तरी पाहिला नाही. देवाची भीती होतीच. पण आबांच्या हातून घेतलेला भंडारा म्हणजे आबांच्याही शब्दाचा प्रश्न, ही लाज त्याहून मोठी होती. आबांनी कधी कोणाला खोटं सांगितलं, असं गावातल्या त्यांच्या वैऱ्यालाही म्हणता यायचं नाही. बाकी, वैरी त्यांना फारसे नव्हतेच.

निवडणूक आली की मात्र ताटाची तकलीफ व्हायची. उमेदवाराचे लोक घरंच्या घरं घेऊन यायचे. "आबा, यांना उचलायला लावा." मत कुणाला देणार ते भंडाऱ्यावर वदवून घ्यायचं. आबांना ते पटायचं नाही. पण देवाचं ताट, त्याला दार कसं लावायचं, म्हणून ते नुसते मान खाली घालून ताट पुढं करायचे. त्या वेळी "पुन्हा सांग" म्हणायचे नाहीत. एकदाच ऐकायचे, तेही न ऐकल्यासारखं.

यंदा सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. तीन अर्ज राहिले. पहिली राधिका, म्हणजे खरं तर तिचा नवरा भारत. भारतचे वडील मागं सरपंच होते. दुसरी संगिता, म्हणजे खरं तर तिचा दीर. तो मागं उपसरपंच होता. आणि तिसरी जनकाबाई, म्हणजे खरोखरच जनकाबाई. तिच्यामागं नवरा नाही, दीर नाही, पॅनल नाही. ती गोरेगावच्या बाजारात भाजी विकते आणि जीपमध्ये पाटीसकट पुढच्या सीटवर बसते. ड्रायव्हर काही म्हणाला तर विचारते, "मेथीला मागं बसायची सवय न्हाई, काय करू?"

जनकाबाईचं भाषण एकाच प्रश्नाचं होतं. जनावरांच्या पाण्यासाठी हौद बांधायची योजना आली होती. तिचा नियम असा, की गावानं आपला वाटा आधी भरायचा, मग सरकार तेवढाच वाटा टाकणार. गावानं भरला. आबांनीही भरला, मेंढ्या त्यांच्याच जास्त. सरकारनंही टाकला म्हणतात. हौदाच्या जागी अजून बाभळी आहेत. जनकाबाई दारोदार जाऊन एवढंच विचारायची, "दोन अर्धे मिळून एक व्हतो का न्हाई? मंग मला एक दावा." त्या वेळी सरपंच एका पॅनलचा, उपसरपंच दुसऱ्या पॅनलचा. त्यामुळं राधिका आणि संगिता यांचे लोक एकमेकांना शिव्या द्यायचे, पण जनकाबाईचं नाव निघालं की दोघेही एकाच सुरात खोकायचे. तो खोकला मी उत्तम काढते.

भंडारा उचलणाऱ्यांची या वेळी रीघ लागली. आणि शेवटी एक दिवस भारत स्वतः आला, मागं पंधरा-वीस माणसं. भारतचा आवाज म्हणजे लाऊडस्पीकरवर "हॅलो हॅलो" करणाऱ्या माणसाचा आवाज, जेवताना सुद्धा.

"आबा, बूथवर आपले एजंट तुमीच. दरवेळचेच. तुमच्यावानी गावचं माणूस न्‌ माणूस वळखनारं दुसरं कोन हाय?"

"बसतो की," आबा म्हणाले.

"पन आबा, तुमी समद्यांना देता, तुमी कधी घेत न्हाई. आज तुमी उचला. लोकांम्होरं. काहून, काही अडचन हाय का?"

अडचण अशी सांगता येण्यासारखी नव्हती. भारत भावकीतला. नाही म्हणावं तर पंधरा-वीस जणांनी तिथल्या तिथं अर्थ काढला असता. शिवाय शब्दही भारतनं आधीच तयार करून आणले होते, पाठांतर केल्यासारखे: राधिकाच्या बटणाशिवाय माझं बोट दुसऱ्या बटणाला लागणार नाही. आबांनी चिमूट उचलली, शब्द म्हटले, चिमूट कपाळाला लावली, जिभेवर ठेवली. लोक पांगल्यावर शकुबाईकाकू म्हणाली, "दुसऱ्यानं शिजवलेला शब्द तोंडात घातला ना? आता चावत बसा."

संगिताच्या बाजूनं एजंट होता विश्वंभर. ट्रॅक्टर चालवतो आणि प्रत्येक वाक्यात "मतलब" घालतो. मतलबाशिवाय त्याचं इंजिन चालू होत नाही. त्यानंही असाच भंडारा उचलला होता, संगिताच्या बटणासाठी, आबांच्याच ताटातून.

विश्वंभरचा मशीनवर भरवसा नव्हता. मागच्या वेळी गावात आवई उठली होती की कोणतंही बटण दाबा, मत एकाच चिन्हाला पडतं. या वेळी तहसीलकडून सांगितलं गेलं की मशीन नव्या आहेत, इंजिनिअर येऊन एकेक तपासणार आहेत, पक्षांच्या आणि उमेदवारांच्या माणसांनी बघायला यावं. विश्वंभर सेनगावला जाऊन आला आणि पारावर बसून सांगू लागला, "मतलब, बसवलं टेबलावर. मतलब, खोललं. मतलब, इंजेनर पोरगं माझ्या भाच्याएवढं. बटन दाबलं, पीं वाजलं, चिठ्ठी डकवली, मशीन पास."

"किती टक्क्यानं पास झाली?" कोणीतरी विचारलं.

"तुझ्याहून जास्त. पन मतलब, ती सेनगावात पास झाली. इथं आपल्या शाळेत पास होती का न्हाई ते मी बघनार. एकेक बटन दाबून घेतल्याबिगर सही करनार न्हाई."

आता मतदानाच्या दिवशी शाळेच्या खोलीत काय झालं ते. मी आत नव्हते, माझं वय बसत नाही. पण आत असलेल्यांनी ते इतक्या वेळा आणि इतक्या आवाजांत सांगितलंय की मला सगळ्यांचं पाठ आहे.

मतदान सुरू व्हायच्या आधी प्रत्येक केंद्रावर एक सराव होतो. एजंटांसमोर मशीनवर सगळ्या बटणांची खोटी मतं टाकायची, निकाल काढून बघायचा, जुळलं की ती मतं पुसायची, मशीनला सील लावायचं, आणि सगळं बराबर होतं अशा दाखल्यावर केंद्राध्यक्षानं आणि एजंटांनी सह्या करायच्या. मग खरं मतदान. केंद्राध्यक्ष होते हट्टा गावाकडचे एक गुरुजी. ट्रेनिंगच्या पुस्तकातून बाहेर पडलेले नव्हते. "सदर यंत्रावर सदर उमेदवारांना सदर प्रतिनिधींनी अभिरूप मतदान करावे."

"खोटं मतदान म्हना की," विश्वंभर म्हणाला, आणि त्यानं संगिताचं बटण चार-पाच वेळा दाबलं. पीं, पीं, पीं. आबांनी राधिकाचं दाबलं. आमच्या वॉर्डातले सदस्य बिनविरोध आले होते, त्यामुळं मशीनवर सरपंचाचीच तीन नावं, आणि खाली "वरीलपैकी कोणीही नाही".

"आता सदर तिसरं," गुरुजी म्हणाले.

कोणी हललं नाही. जनकाबाईला एजंट नव्हता. कुठून असणार, गावच्या सगळ्या चिमटी आधीच उचललेल्या.

"अहो, दाबा ना कोणीतरी."

"आमाला चालत न्हाई," विश्वंभर म्हणाला.

"काय चालत नाही?"

"मतलब, भंडारा उचललाय. संगिताकाकीशिवाय दुसऱ्या बटनाला बोट लावनार न्हाई म्हनून."

गुरुजींनी आबांकडं पाहिलं. "तुम्ही?"

"माझाबी उचललेला हाय," आबा म्हणाले.

"अहो पण हे खरं मत नाही! हे पुसलं जाणार!"

"मत खोटं हाय हो, बोट तर खरंच हाय ना?" हे विश्वंभर म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर त्यालाच ते फार आवडलं, म्हणून पुन्हा एकदा म्हणाला.

गुरुजींनी कपाळ पुसलं. "ठीक आहे. मी दाबतो."

"ते बी न्हाई चालनार."

"आता का?"

"तुमचं बोट सरकारी हाय. मतलब, मशीन सरकारी, बोट सरकारी. आमाला काय म्हाईत, सायबाचं बोट वळखून ती नीट वागत असंल. गावच्या बोटाला कशी वागती ते बघायचंय."

"ते मशीन आहे, मोबाईल नाही, बोट ओळखायला!"

"मोबाईलबी मशीनच हाय की सायेब."

गुरुजींना दाबता आलं असतं. पण एजंटानं लेखी आक्षेप घेतला की पुढं काय काय होतं ते ट्रेनिंगमध्ये इतकं रंगवून सांगितलेलं, की त्यांचं बोट बटणापाशी जाऊन परत आलं. बाहेर रांग लागली होती. बायका ओरडत होत्या, "गुरुजी, चुलीवर दूध ठिवून आलोय!" गुरुजींनी शिपायाला जनकाबाईकडं धाडलं. उमेदवार आत येऊ शकते, तिनंच आपलं बटण दाबावं, प्रश्न मिटला.

जनकाबाई रांगेतच होती. आली. ऐकून घेतलं. दारातच उभी राहून तिनं पदर खोचला.

"माझं बटन मीच दाबलं तर त्यात तपासनी कसली? मी दाबनारच हाय, हे तर शेंबड्या पोराला म्हाईत हाय. मला हे बघायचंय, की गावात एक तरी बोट मोकळं हाय का न्हाई."

"बाई, वेळ होतोय," गुरुजी काकुळतीला आले.

"व्हऊ द्या. मला कुठं बाजार गाठायचाय आज?"

ती तशीच उभी राहिली. मग विश्वंभरला युक्ती सुचली. "सायेब, मतलब, कशाला ताणायचं? मशीन सेनगावात पास झालेलीच हाय. दोन बटनं आपन बघितली, बराबर हायेत. तिसरं आन्‌ चौथं बघितलं असं समजू. आमी दोघं सही करतो. व्हय ना आबा?"

पारावर शपथा घेणारा विश्वंभर तो हाच. पण लोक खोळंबले होते आणि गुरुजी घामाघूम झाले होते. गुरुजींनी दाराकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सर्वांची संमती असेल तर... म्हणजे... तसं धरता येईल."

खोलीत शेळ्या नव्हत्या, म्हणून आबांनी खिडकीकडं पाहिलं. मग हाताकडं. मग गुरुजींकडं.

"बरं. पुन्हा सांगा."

"म्हणजे, तपासलं असं धरून—"

"पुन्हा सांगा."

तिसऱ्या वेळी गुरुजींचा आवाज फार गोड झाला. "आबा, आपण तर समजूतदार आहात..." आणि तिथं ते स्वतःच थांबले. त्यांनी दाखल्याचा कागद उलटा करून ठेवला. आबांच्या समोर अनेक माणसं अशी थांबलेली आहेत, पण सरकारी माणूस बहुतेक पहिलाच.

विश्वंभरच्या सांगण्याप्रमाणं आबा त्यानंतर बराच वेळ बसून राहिले. गुरुजींच्या सांगण्याप्रमाणं लगेच उठले. मला दोन्ही खरं वाटतं. सही केली तर बोट शाबूत राहतं आणि शब्द खोटा होतो. बटण दाबलं तर उचललेला भंडारा मोडतो. आणि तो दुसऱ्या कोणाचा असता तर एक वेळ. ज्याच्या हातून सारं गाव उचलतं, त्याचाच.

आबा उठले, पुठ्ठ्याच्या आडोशाजवळ गेले आणि सगळ्यांना दिसेल असं बोट वर धरलं. हळदीनं नखाच्या कडा कायमच्या पिवळ्या झालेलं बोट.

"मल्हारी, ऐक. मी संतराम. मी उचलला व्हता. आता मोडून राहिलो." हे ते मनात बोलले नाहीत. मोठ्यानं बोलले, खिडकीतून रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आणि तिसरं बटण दाबलं.

पीं.

मग चौथंही दाबलं. "एवीतेवी मोडलाच हाय," म्हणाले.

निकाल काढला. संगिताची टाकलेली संगिताला, राधिकाची राधिकाला, जनकाबाईचं एक जनकाबाईला, एक कोणालाच नाही. मशीन प्रामाणिक निघाली. मतं पुसली, सील लागलं, सह्या झाल्या. जनकाबाई "बरं झालं" म्हणाली नाही की "आबा, उपकार झाले" म्हणाली नाही. "चला, एक निघालं," एवढंच म्हणून रांगेतल्या आपल्या जागेवर गेली. तिची जागा मागच्या बाईनं घेतली होती, तिथं एक छोटं भांडण झालं.

भारत दहा मिनिटांत आला. तो खोलीत लाऊडस्पीकरसारखा बोलू शकत नव्हता, म्हणून कुजबुजला, आणि भारतची कुजबूज म्हणजे पिठाची गिरणी हळू फिरवल्यासारखी.

"आबा, हे काय केलं? लोकांम्होरं?"

"लोकांम्होरंच उचलला व्हता."

"उठा तुमी इथून. बालाजी बसंल." बालाजी भारतचा चुलतभाऊ, गोरा, गळ्यात सोन्याची साखळी, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "समजलं ना?" आबांनी गळ्यातला एजंटाचा पास काढून टेबलावर ठेवला आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. रांगेत त्या दिवशी सकाळी नेहमीचा गोंगाट नव्हता म्हणतात. बायका पदराच्या आत बोलत होत्या. सगळ्यांनी खिडकीतून ऐकलेलं. आबांनी मोडला, बोटाला काही झालं नाही, आबा रांगेत उभे आहेत, विडा मागतायत. प्रत्येकाच्या जिभेवर तोच भंडारा होता, आणि प्रत्येक जण आबांच्या त्या बोटाकडं बघून घेत होता.

निकाल सेनगावला लागला. राधिका निवडून आली. गुलाल उधळला, डीजे आला, मिरवणूक फाट्यापासून देवळापर्यंत. पण जनकाबाईला संगितापेक्षा जास्त मतं पडली होती, आणि राधिका थोडक्यातच निघाली होती. मिरवणुकीत भारत नाचता नाचता मध्येच थांबून लोकांच्या तोंडाकडं बघायचा. जिंकलेला माणूस असा हिशेब करत नाचतो हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो आबांकडं आला, बालाजीला घेऊन. आबा शेळ्यांच्या वाढलेल्या नख्या चाकूनं कापत होते. ही सगळी गोष्ट मी आमच्या दोन घरांमधल्या भिंतीच्या अलीकडून ऐकली आहे, तेव्हा इथं दुसऱ्याची साक्ष नको.

"आबा, झालं गेलं सोडा," भारत म्हणाला. "तुमी मोठे. पन एक काम करा. आपल्या लोकांना देवळात बोलवा. एकेकाला ताटाम्होरं बसवा. कुनाला दिलं ते बोलू द्या. तुमच्यापुढं खोटं कोन बोलत न्हाई. तेवढं केलं की त्या दिवशीचं समदं माफ."

"समदं माफ, समजलं ना?" बालाजी म्हणाला.

आबांनी चाकू पुसला. "उचलायला लावलं तेव्हाच चुकलं व्हतं, भारत. आता परत उचलायला लावून काय निघंल? मत टाकायच्या आधी मी ताट म्होरं केलं, ते बी करायला नको व्हतं. आजवर केलं. आता न्हाई."

"देवाचं काम हाय आबा."

"देवाला बगायचं असतं तर त्यानं पुठ्ठा लावू दिला असता का?"

"लय झालं," भारतचा लाऊडस्पीकर चालू झाला. "मोडलेल्या मानसानं ताट ठिवायचं तरी कशाला मंग? काहून ठिवायचं?"

हे ऐकून मी भिंतीला चिकटले. कारण हे खरं होतं. ज्यानं उचलून मोडला, त्याच्या हातून पुढं कोण उचलेल? भारतला वाटलं असावं, या शब्दानं आबा नमतील. ते ताट म्हणजे आबांच्या घराचं नाव होतं. शकुबाईकाकू लग्न होऊन आली ती त्या ताटाला नमस्कार करून.

आबा आत गेले. बाहेर आले तेव्हा ताट हातात होतं, घासूनपुसून, वर एक फडकं. ते त्यांनी बालाजीच्या हातात दिलं. "वस्त्रगाळ करून घालत जा," म्हणाले. "खडे राहिले की कपाळाला टोचतेत."

बालाजीनं "समजलं ना" असं स्वतःलाच विचारलं.

ते गेल्यावर काकू बाहेर आली. मला वाटलं आता मोठा गोंधळ. ती ताटाच्या जागेकडं, भिंतीतल्या त्या रिकाम्या कोनाड्याकडं बघत होती. "आता तिथं काय ठिवू?" एवढंच म्हणाली. बरेच दिवस तिनं काही ठेवलं नाही. मग एक दिवस पाहिलं तर मिठाचा डबा होता.

थोड्याच दिवसांत चंपाषष्ठी आली. देवळासमोर गाव जमलं. ताट घेऊन बालाजी उभा. तो भंडारा मूठमूठ देतो, उदार माणूस आहे. पण गोरेगावच्या दुकानातून पोत्यानं आणलेला, पिवळाधमक, डोळ्यात गेला तर पाणी काढणारा. आबा इतरांसारखे ओळीत उभे राहिले. आजवर देणारा हात, तो पुढं करून उभा. त्यांची पाळी आली तेव्हा हलगी वाजवणाऱ्यांचे हात जरा मंद झाले, तेवढंच. बालाजीनं मूठ दिली. आबांनी त्यातली चिमूट घेतली, बाकीची परत ताटात सोडली. कपाळाला लावली. "येळकोट येळकोट" म्हणाले, सगळ्यांसारखेच. काकू त्या दिवशी देवळात आली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. तिचं डोकं आयुष्यात कधी दुखलेलं नाही.

मला वाटायचं, आबांना वाईट वाटत असणार. विचारायची हिंमत नव्हती. नक्कल करणारीला माणसाच्या आवाजाचं सगळं कळतं, तो गप्प असला की काही कळत नाही. त्या दिवसांत मी त्यांची नक्कल कोणाला करून दाखवली नाही. मागितली तरी.

एक गोष्ट मात्र व्हायला लागली. लोक आबांच्या शेळ्यांच्या वाड्याकडं येऊ लागले. निमित्त काही का असेना: करडू विकायचंय का, लेंडीखत आहे का, काकूकडं मेथीचं बी आहे का. यायचे, थोडं बोलायचे आणि मध्येच इकडं तिकडं बघून आवाज खाली आणायचे. बाया यायच्या, म्हातारी माणसं यायची. सगळ्यांच्या पोटात तीच, पुठ्ठ्यामागची गोष्ट. आणि आबा कोणालाच वाक्य पुरं करू द्यायचे नाहीत.

परवा विश्वंभर आला. तो येताना ट्रॅक्टर फाट्यावर ठेवून पायी आला, हेच नवल. कुडाला टेकून उभा राहिला. टोपी काढली, घातली.

"आबा, मतलब, तुमचा माझ्यावर राग तर न्हाई ना?"

"कशाचा?"

"तसं न्हाई. मतलब, मनावर वझं हाय. त्या दिवशी तुमी रांगेत गेला. मंग माझीबी पाळी आली. पुठ्ठ्यामागं गेलो, आन्‌ मतलब, बोट असं वर धरलं—"

"थांब."

"ऐका तरी, आबा. मी भंडारा तुमच्या हातनं उचलला व्हता. तुमालाच सांगाया पाहिजे."

"न्हाई सांगायचं."

"मंग कुनाला सांगू? बालाजीला सांगितलं तर सांजच्याला भारतला कळतं. बायकोला सांगितलं तर समद्या आळीला."

"कुनालाच न्हाई. तिथं आत तू काय केलं, ते तुझं."

"संगिताकाकीला दिलं असलं तरी?"

"तरी."

"आन्‌ न्हाई दिलं असलं तर?"

"तर बी. आता एक शब्द म्होरं बोललास तर मी कानात कापूस घालीन."

विश्वंभरला गप्प बसता येत नाही, तोंडात नुसता "मतलब" फिरत राहतो, बाहेर पडायला जागा शोधत. शेवटी तो म्हणाला, "आबा, पन उद्या कुनी परत उचलायला लावलं तर? बालाजी लावंल. पुढच्या खेपेला लावंलच."

"लावंल."

"मंग काय म्हनू?"

आबांनी दावणीची काळी शेळी ओढून आणली आणि तिचा मागचा पाय वर धरला. ती झटके देत होती.

"म्हन, आबानं मोडला व्हता, मला नको. इकडं ये. पाय धर हिचा."

विश्वंभर वाकला. शेळीनं त्याच्या टोपीला तोंड लावलं. "आबा, मतलब—"

"घट धर. लाथ मारती ती."